तुळजाबाईचा तांब्या

सर्जेराव बोलायला बसला की ऐकणारा उठत नसे. वडीगोद्रीपासून आत, कच्च्या रस्त्याच्या त्या गावात करमणूक म्हणून दोनच गोष्टी होत्या. एक पुंजारामचा रेडिओ आणि दुसरा सर्जेराव. रेडिओच्या बॅटऱ्या संपत, सर्जेरावाच्या संपत नसत.

तो खोटारडा होता असं म्हणता येणार नाही. जे असेल त्याला तो थोडं जास्त खतपाणी घाली, एवढंच. एकदा हायवेवर दिल्लीकडच्या एका ट्रकचं चाक पंक्चर झालं. सर्जेराव शेजारीच मोसंबीची पाटी घेऊन बसलेला. ड्रायव्हरनं दोन मोसंब्या खाल्ल्या आणि उरलेली पाटी विकत घेतली. त्या दिवसापासून सर्जेरावाची मोसंबी दिल्लीला जाऊ लागली. मेव्हण्याची म्हैस दोन महिने त्याच्या दारात बांधलेली होती. ती परत गेली, पण तिच्या दुधाची साय पुढं कैक वर्षं सर्जेरावाच्या बोलण्यात दाट होत राहिली.

त्याची बायको तुळजाबाई. चार माणसांत नवऱ्याचं बोलणं तिनं कधी खोडलं नाही. ओट्यावर बैठक रंगात आली, मोसंबी दिल्ली ओलांडून पुढं निघाली, की ती आतून यायची आणि भरलेला तांब्या त्याच्यापुढं ठेवायची. ठक्.

"घोटभर पाणी घ्या," एवढंच म्हणायची.

सर्जेराव पाणी प्यायचा. तोंड पुसेपर्यंत बोलण्याचा धागा सुटलेला असायचा. मग कुणी तरी पिकापाण्याचं काढायचं आणि बैठक जमिनीवर यायची. सर्जेरावाला या गोष्टीचं फार कौतुक. आपल्या घशाला कोरड पडायच्या आत चुलीपाशी बसलेल्या बाईला ते कळतं, म्हणजे काय माया म्हणायची! हेही तो लोकांना सांगायचा. जालना जिल्ह्यात अशी दुसरी बाई दाखवा म्हणायचा. लोक माना डोलवायचे.

मग एका वर्षी पोळ्याच्या आधी तुळजाबाई काविळीनं गेली. त्यानंतर ओट्यावर माणसं यायची, बसायची, पण बैठक जमत नव्हती. सर्जेराव एखादी गोष्ट सुरू करायचा, मध्येच दाराकडं बघायचा आणि गप्प व्हायचा. समोरची माणसं मग जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसायची.

घरात आता तो आणि त्याची मुलगी शिवकन्या. ती बापावर गेलेली नव्हती. लागेल तेवढंच बोलायची. विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा हिनं ती उघडून आत काय काय आहे ते बघून पुन्हा बंद केली होती. दुरुस्त झाली नाही, पण एकही स्क्रू जास्तीचा उरला नाही. दहावी झाली आणि तिनं जालन्याच्या आयटीआयला वायरमनच्या कोर्साचा अर्ज टाकला. नंबर लागला. ही गोष्ट ब्याण्णव सालची. पोरगी खांबावर चढणार का, असं गावातल्या दोघा-तिघांनी विचारलं. सर्जेराव म्हणाला, खांबावर कशाला, जालन्याची अख्खी लाईट हिच्या बोटावर राहणार हाय.

पण मुलगी जालन्यात राहणार कुठं आणि खाणार काय? तिथल्या क्लार्कनं मार्ग सांगितला. पालकाचं वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर मुलीला सरकारचं विद्यावेतन मिळतं, शिकता शिकता दर महिन्याला. त्यात वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च भागतो. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल पाहिजे आणि अहवालासाठी गावातले दोन पंच. हे सगळं सोमवारपर्यंत. नाही तर विद्यावेतन नाही, आणि विद्यावेतन नाही तर जालना नाही. बदनापूरच्या मावशीनं तोवर तिच्यासाठी एक स्थळही बघून ठेवलं होतं.

सर्जेरावाचं उत्पन्न मर्यादेच्या आत होतं का? चांगलं खोल आत होतं. अडचण ती नव्हती. ते चावडीत बसून, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडानं सांगायचं होतं.

गुरुवारी शिवकन्येनं भाकरी थापता थापता त्याची तयारी करून घेतली. म्हणाली, मी तलाठी, तुम्ही अर्जदार.

"बागायत किती?"

"मोसंबीचा बाग हाय."

"दादा, अकरा झाडं हायेत. त्यातली निम्मी वाळली."

"मंग उरल्या झाडांना बागच म्हणत्यात."

"वर्षाचं उत्पन्न?"

"देवाच्या दयेनं कशाला कमी न्हाई."

शिवकन्येनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले. "दादा, सरकारला निस्तं खरं सांगायचं. जास्त बी न्हाई, कमी बी न्हाई."

"म्या कधी खोटं सांगितलं?" सर्जेरावाला मनापासून वाईट वाटलं. शिवकन्येनं भाकरी उलटली.

तलाठी शुक्रवारी गावात यायचा. जुनी माणसं त्याला अजून पटवारीच म्हणायची. नुकताच बदलून आलेला, धर्मराज नावाचा तरुण माणूस होता. गावात कोण किती खरं बोलतो याचा त्याला अंदाज यायचा होता. चावडीत तो टेबल मांडून बसला. समोर सर्जेराव, बाजूला पंच म्हणून म्हातारे रामराव आणि बांधाला बांध लागून असलेला पुंजाराम. शिवकन्या दारात उभी. चावडीपुढंच हापसा होता. तिथं बायका पाणी भरत होत्या. त्यात पुंजारामची बायको झुंबरबाई होती. उत्पन्नाची चौकशी सर्जेरावाची आहे म्हटल्यावर रिकामी माणसंही आपापल्या कामानं चावडीत येऊन बसली.

पुंजाराम वाईट माणूस नव्हता. तुळजाबाईच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. पण बांधाच्या पलीकडं उभं राहून त्यानं वीस वर्षं सर्जेरावाचं ऐकून घेतलं होतं. यानं नवी बैलजोडी आणली, तर सर्जेरावानं तशीच जोडी नापसंत करून सोडून दिलेली असायची. यानं रेडिओ आणला, तर सर्जेरावाला त्यातल्या बातम्या आधीच माहीत असायच्या. अशा माणसाला एकदा पंच म्हणून खुर्ची मिळाली, तर तो नुसती सही करून उठेल का?

तलाठ्यानं अर्जातला आकडा वाचून दाखवला. तो शिवकन्येनं लिहिलेला होता आणि तंतोतंत बरोबर होता. मग त्यानं पुंजारामला विचारलं की शेजारी म्हणून हे तुम्हाला मान्य आहे का.

पुंजारामनं देवळात करतात तसा चेहरा केला. "साहेब, आता कागद सरकारी हाय, तवा खोटं कसं लिवायचं? सर्जेराव आजवर जे बोलला ते म्या खरं मानून चाललो. ह्याची मोसंबी दिल्लीला जाती."

तलाठ्याचं पेन थांबलं. "दिल्लीला?"

चावडीतली माणसं खाकरली. सर्जेरावानं शिवकन्येकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत होती. मग त्यानं मान खाली घालून ट्रकची, चाकाची आणि पाटीची हकीगत सांगितली. गावानं ती पहिल्यांदाच एवढी छोटी ऐकली.

पुंजारामनं मान हलवली. बरं, मोसंबी गेली. पण म्हशीचं काय? जिच्या दुधात बोट बुडवलं तर बोट दिसत नाही, ती? सर्जेरावानं सांगितलं की म्हैस मेव्हण्याची होती आणि मेव्हण्याकडं गेली. बोटाचं खरं होतं, पण बोट दुसऱ्याच्या दुधात होतं.

आता लोक उघड हसू लागले. पुंजारामला रंग चढला. त्यानं विहीर काढली. सर्जेरावाच्या विहिरीचं पाणी कितीही उपसलं तरी बोटभर हलत नाही, हे सगळ्या गावानं ऐकलेलं होतं. कोरडवाहू माणसाला असं पाणी असतं का, ते साहेबांनीच सांगावं.

"मोटर जळालीय," सर्जेराव म्हणाला. "पाणी हलंल कसं?"

यावर तलाठीही हसला. सर्जेरावाला वाटलं होतं तेवढं काही हे अवघड जात नव्हतं. एकेक पुडा सुटत होता आणि आत जे होतं ते गावाला आधीपासून माहीत होतं. आपण एवढी वर्षं कुणाला फसवत होतो, हेच त्याला कळेना. शिवकन्येच्या खांद्यांचा ताण उतरलेला त्याला दिसला. तलाठ्यानं पेन उचललं, आता सही तेवढी राहिली.

तेवढ्यात पुंजाराम बोलून गेला, "आन् एकदाणी? पाच तोळ्याची. ती तर समद्यांनी डोळ्यांनी पाहिली. वैनी गेल्या तवा आमच्या झुंबरनंच गळ्यातून काढून दिली."

बोलल्या बोलल्या त्याला वाटलं की हे बोलायला नको होतं. पण शब्द बाहेर पडला होता. चावडीतलं हसू थांबलं.

तलाठ्यानं समजावून सांगितलं की सोनं काही उत्पन्नात धरत नाहीत. पण पंचाच्या जबाबात पाच तोळे आले तर तहसीलमधून विचारणार, एवढ्या उत्पन्नात एवढं सोनं आलं कुठून. त्याचा खुलासा लिहावा लागेल, खुलासा झाला नाही तर कागद तिथंच अडकेल.

सर्जेरावानं मनातल्या मनात वाटा शोधल्या. विकली म्हणावं, तर ती पेटीत आहे, शिवकन्येच्या लग्नात घालणार, हे त्यानं गेल्याच महिन्यात लोकांना सांगितलं होतं. सासुरवाडीकडून आली म्हणावं, तर पाच तोळ्यांचा भाव किती पडला हे त्यानंच गावभर केलं होतं.

ती त्यानं लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी जुन्या जालन्यातून आणली होती. कापडाच्या दुकानांच्या बोळात एक माणूस पितळेवर सोन्याचं पाणी दिलेले दागिने विकत बसायचा. पाणी दहा वर्षं जात नाही म्हणाला होता. घरी येऊन सर्जेरावानं ती तुळजाबाईच्या गळ्यात घातली. सोन्याची आहे असं तो तिला म्हणाला नाही. तिनंही विचारलं नाही. गावाला मात्र त्यानं पाच तोळे सांगितले, आणि ती ते सांगणं गळ्यात घालून मरेपर्यंत गावातून हिंडली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे त्याला कधी कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. आता पितळ म्हटलं तर मोसंबी आणि म्हशीसारखी तुळजाबाईही या हसण्यात यायची. मोसंबी त्याची होती. ही गोष्ट तिची होती.

दारातून शिवकन्या हळू आवाजात म्हणाली, "दादा, ऱ्हाऊ द्या. न्हाई सांगायचं तर चला घरी."

हे ऐकल्यावर सर्जेरावानं वर पाहिलं. पोरगी दारात उभी होती आणि खरंच निघायला तयार होती. तिच्या मनात जालना होतं आणि ती घरी चला म्हणत होती.

"पितळंची हाय," तो म्हणाला. "वरून पाणी दिलेलं. लिवा साहेब."

कुणीच हसलं नाही. बाहेर हापशाचा आवाज थांबला. झुंबरबाई पदर सावरत दारापर्यंत आली.

"मंग त्यात नवीन काय सांगितलं, भाऊजी?" ती म्हणाली. "आमाला समद्यांना म्हाईत हाय. सोनं कुनी चिंचंनं घासतं का? दर दिवाळीला ती ह्याच हापशावर पितळंच्या भांड्यासंगं एकदाणी घासायची. मी इचारलं तर हसली. म्हणली, मालक हौसंनं सांगत्यात, सांगू द्या. गळ्याला हिरवं लागतंय तेवढं घासलं की जातंय."

मागच्या बायकांनी माना हलवल्या. सर्जेराव त्यांच्याकडं एकेकीकडं बघत राहिला. ही, तीही, आणि ती पलीकडचीही.

सगळ्यात जास्त धक्का बसला तो पुंजारामला. "तुला म्हाईत व्हतं? मंग मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी रेडिओसारखं गावभर वाजवलं असतं."

चावडी पुन्हा हसली, पण या वेळी पुंजारामवर. तो कान खाजवत बसला.

सर्जेरावाच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं, आणि ते उतरताच त्याचा घसा मोकळा झाला. वर्षभर अडकून पडलेली बैठक एकदम सुटली. फक्त आता तिची दिशा उलटी होती. तो मांडी बदलून बसला आणि तलाठ्याला म्हणाला, लिहा. अंबड तालुक्यात माझ्यासारखा फाटका माणूस दुसरा दाखवा, त्याला बक्षीस देतो. बक्षीसही उधारीवर देतो. माझ्या दोन बैलांतला एक दुसऱ्याला टेकून उभा राहतो, दुसरा पडला तर दोन्ही पडतील. माझ्या घरातला उंदीर पुंजारामकडं जेवायला जातो आणि येताना माझ्यासाठी काय तरी घेऊन येतो. उत्पन्नाचा आकडा तेवढा नीट करा. पोरीनं लाजून जास्त टाकलाय. अर्धा करा. न्हाई, पाव करा.

लोक पोट धरून हसत होते. सर्जेरावाच्या चेहऱ्यावर वर्षानं तजेला आला होता. तलाठी मात्र घाबरला. तो सांगू लागला की अहो, एवढ्या उत्पन्नात माणूस जिवंत राहत नाही. अर्जात एक आकडा, जबाबात दुसरा. तहसीलमध्ये म्हणतील अर्जदार मयत आहे का बघून या. कागद परत आला तर सोमवार गेलाच समजा.

शिवकन्येनं डोळे मिटून घेतले. सर्जेराव थांबायला तयार नव्हता. तो उंदराच्या बायकापोरांपर्यंत आला होता.

ठक्.

त्याच्यापुढं भरलेला तांब्या होता. झुंबरबाईनं हापशावरून आणून ठेवला होता.

"घोटभर पाणी घ्या, भाऊजी."

सवयीनं त्याचा हात गेला. त्यानं तांब्या उचलला, वरूनच पाणी घशात सोडलं, तोंड पुसलं. पुसता पुसता तो काय सांगत होता ते त्याला आठवेना. हात तोंडावर तसाच राहिला. त्यानं तांब्याकडं पाहिलं, मग झुंबरबाईकडं.

"हे तुळजानं सांगून ठेवलं तुमाला?"

झुंबरबाई जरा घुटमळली. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी. म्हणली, त्यांचं लई वर गेलं की म्होरं तांब्या ठेवत जा. प्याले की खाली येत्यात."

रामराव म्हाताऱ्यानं दुसरीकडं तोंड केलं.

"म्हंजी," सर्जेराव सावकाश म्हणाला, "घशासाठी नव्हतं."

"घशासाठी बी व्हतं," झुंबरबाई म्हणाली.

सर्जेरावानं मान हलवली. एकदा हलवली, पुन्हा हलवली, आणि मग तो हसला. एकटाच हसला, डोळे उपरण्यानं पुसले, पुन्हा हसला. मग तलाठ्याकडं वळून त्यानं पोरीनं लिहिलेला आकडा सांगितला. जास्त नाही, कमी नाही. तलाठ्यानं तो घाईघाईनं जबाबात लिहिला, मध्ये आणखी काही यायच्या आत. रामरावानं अंगठा दिला. पुंजारामनं सही करण्यापूर्वी विचारलं की दिल्लीचं तेवढं ठेवता येईल का, कारण ट्रक खरंच आल्ता, त्यानं स्वतः पाहिला होता. तलाठी म्हणाला, त्यासाठी रकाना नाही.

शनिवारी अंबडहून दाखला निघाला आणि सोमवारी शिवकन्या तो घेऊन जालन्याच्या एसटीत बसली. आदल्या दिवशी तिनं पेटी उघडून एकदाणी मागून घेतली होती. सर्जेरावानं दिली. तिनं ती रुमालात बांधली आणि पिशवीत ठेवताना शेजारी चिंचेचा एक गोळाही ठेवला. सर्जेरावानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

महिनाभरानं जुन्या जालन्याचा एक कडबा घेणारा व्यापारी ओट्यावर टेकला. घरी कोण कोण असतं असं त्यानं सहज विचारलं. सर्जेरावानं सांगितलं की मुलगी जालन्याला असते, शिकते, आणि शिकायचा पगार सरकार देतं. व्यापाऱ्याला हे नवल वाटलं. त्याचं नवल बघून सर्जेरावाला आणखी सुचलं. म्हणाला, साधा पगार न्हाई. मोठे साहेब स्वतः मोजून देत्यात. तिला इचारल्याबिगर जालन्यात दिवा लागत न्हाई. परवा मुंबईहून तार आली, तिकडली लाईट…

इथं तो थांबला. त्यानं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

तो उठला, आत गेला, माठातून तांब्या भरून घेतला आणि बाहेर येऊन ओट्यावर ठेवला. ठक्.

उन्हातून आलेल्या व्यापाऱ्यानं बरं वाटून हात पुढं केला.

"तो माझा हाय," सर्जेराव म्हणाला. "बसा, तुमाला दुसरा आणतो."